केवळ डिंभावरून कवचधारी प्राण्याची नवी जाती नोंदवता येते का?

प्रश्न : मिऱ्याकाठ

नमस्कार. मी रत्नागिरीत सागरी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला, उधाणाच्या रात्री, खाडीच्या मुखाजवळच्या धक्क्यावरून जाळे ओढून मी प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) गोळा करते. या नमुन्यांमध्ये कवचधारी प्राण्यांचे दोन प्रकारचे डिंभ (बोलताना आपण ज्यांना लार्व्हा म्हणतो ते) असे सापडले आहेत की जे माझ्या हाताशी असलेल्या कोणत्याही वर्णनाशी जुळत नाहीत.

पहिला प्रकार झोइया, म्हणजे खेकड्यांसारख्या प्राण्यांच्या पोहणाऱ्या डिंभाच्या अवस्थेतील आहे. त्याचे ११ नमुने मिळाले. पाठकवचाच्या पुढच्या टोकाला उर्वरित शरीराच्या कितीतरी पट लांब असा एकच सरळ काटा आहे आणि मागच्या बाजूला दोन लांब काटे आहेत. भारतीय किनाऱ्यावरील खेकड्यांच्या डिंभांची जेवढी वर्णने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळाली तेवढी सगळी मी चाळली. त्यांत असा डिंभ नाही.

दुसरा प्रकार अगदी लहान, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी लांबीचा आहे आणि तो फक्त बारीक जाळीच्या जाळ्यातच येतो. तो नॉप्लियस, म्हणजे कवचधारींचा सर्वांत सुरुवातीच्या अवस्थेतला डिंभ असावा, कारण त्याला उपांगांच्या तीनच जोड्या आहेत. मात्र प्रकाशाचा कोन बदलला की त्याच्या पाठीच्या ढालीवर फरशीच्या तुकड्यांसारखे लहान लहान कप्पे स्पष्ट दिसतात आणि धड मागे निमुळते होत टोकदार शेपटीत संपते. असे सहा मिळाले. चार फॉर्मॅलिनमध्ये ठेवले आहेत. उरलेले दोन मी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, काचेच्या छोट्या वाटीत जिवंत ठेवले होते. त्यांपैकी एकाने तिसऱ्या दिवशी कात टाकली आणि तो लांबट, निराळ्याच आकाराचा झाला. कात अजून वाटीच्या तळाशी आहे.

माझे मार्गदर्शक म्हणतात की प्रौढ प्राणी हाती नसताना डिंभाला जातीचे नाव देता येत नाही. माझी एक ज्येष्ठ सहाध्यायी म्हणते की नियम त्याला पूर्ण मुभा देतात. यांतले खरे काय? आणि मुभा असेल, तर असे वर्णन करताना काय सांभाळावे?

उत्तर : नामकोश

तुमची सहाध्यायी नियमाबद्दल बोलते आहे आणि तुमचे मार्गदर्शक रिवाजाबद्दल. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, पण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

आधी नियम पाहू. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता, तिची सध्या लागू असलेली चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आहे. तिच्या १७व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की एखादे नाव प्राण्याच्या केवळ एका भागावर, एकाच लिंगावर किंवा जीवनचक्रातील एकाच अवस्थेवर आधारलेले असले, तरी एवढ्या कारणाने ते अग्राह्य ठरत नाही. म्हणजे डिंभावरून दिलेले नाव हे पूर्ण हक्काचे नाव असते. उद्या त्याच जातीच्या प्रौढाला दुसऱ्या कोणी नाव दिले आणि नंतर दोन्ही एकच असल्याचे कळले, तर साधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते, मग ते डिंभाचे का असेना.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सेराटास्पिसचे आहे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२८ मध्ये जाड कवचाच्या, शिंगांसारखे उंचवटे असलेल्या एका विचित्र प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला सेराटास्पिस मॉन्स्ट्रोसा असे नाव दिले. तो पुढे मुख्यतः मोठ्या माशांच्या जठरांतून सापडत राहिला. मोकळ्या पाण्यात क्वचितच. हा कोणत्या तरी कोळंबीचा डिंभ असावा असा अंदाज एकोणिसाव्या शतकातच मांडला गेला होता, पण कोणत्या कोळंबीचा, ते कळायला २०१२ साल उजाडले. मेक्सिकोच्या आखातात मिळालेल्या एका नमुन्यातील पाच जनुकांची तुलना केल्यावर तो प्लेसिओपेनियस आर्मेटस या खोल समुद्रातील कोळंबीचा डिंभ असल्याचे सिद्ध झाले. त्या कोळंबीचे नाव १८८१ मधले आणि डिंभाचे १८२८ मधले. म्हणून आज ती प्रौढ कोळंबी आपल्या डिंभाच्या नावाने ओळखली जाते. १३१ वर्षे एकाच प्राण्याची दोन नावे दोन वेगवेगळ्या कपाटांत राहिली, हे ध्यानात ठेवा, कारण तुमच्या मार्गदर्शकांच्या मनातली काळजी हीच आहे.

आता रिवाज. डिंभांना जातीचे नाव देण्याची टाळाटाळ का सुरू झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नॉप्लियस, झोइया, मेगॅलोपा, फायलोसोमा हे आज आपण अवस्थांची नावे म्हणून वापरतो ते सारे शब्द मुळात प्रजातींची (जातींच्या वरच्या गटांची, म्हणजे जीनसची) नावे होती. डेन्मार्कच्या म्युलर यांनी १७८५ मध्ये नॉप्लियस ही प्रजाती मानली, फ्रान्सच्या बॉस्क यांनी १८०२ मध्ये झोइया, आणि लीच यांनी त्यानंतरच्या दीड दशकात मेगॅलोपा व फायलोसोमा. या सर्वांना आपण पूर्ण वाढलेला प्राणीच पाहतो आहोत असे वाटत होते. आयर्लंडच्या कॉर्क बंदरात बारीक कापडाचे जाळे ओढणारे लष्करी शल्यवैद्य जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी १८२८ च्या सुमारास दाखवून दिले की खेकड्याच्या अंड्यातून बाहेर पडतो तो झोइया. पण त्यांचे म्हणणे लगेच मान्य झाले नाही. राटके यांनी गोड्या पाण्यातील क्रेफिशचा विकास अभ्यासला होता आणि त्याचे पिल्लू अंड्यातून थेट आईबापांसारखेच बाहेर पडते हे दाखवले होते. १८३५ मध्ये वेस्टवूड यांनी जमिनीवरच्या एका खेकड्याबाबत तेच नोंदवले. दोन्ही बाजूंची निरीक्षणे अचूक होती. सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये पोटाखाली इवलीशी, पण हुबेहूब खेकड्यासारखी पिल्ले घेऊन फिरणारी खेकडी ज्याने पाहिली आहे, त्याला हा वाद चटकन समजेल. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना मोकळा डिंभ नसतो, समुद्रातल्या बहुतेकांना असतो.

हा धडा मिळाल्यावर दशपादांच्या, म्हणजे खेकडे, कोळंबी आणि शेवंडी यांच्या, अभ्यासकांनी डिंभाचे काटेकोर वर्णन करायचे पण त्याला नवे नाव द्यायचे नाही, असा संकेत हळूहळू पाळायला सुरुवात केली. मला तो संकेत योग्य वाटतो. भारतीय सागरी आणि गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या नऊशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतील फार थोड्यांच्या डिंभावस्था पूर्ण माहीत आहेत. अशा स्थितीत अनोळखी झोइया दिसला, तर त्याचा प्रौढ आधीच नाव मिळून संग्रहालयातल्या बरणीत बसलेला असण्याची शक्यता, तो विज्ञानाला नवा असण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी मोठी आहे. वर्णन सापडले नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ते वर्णन अजून कोणी लिहिलेले नाही. ते तुम्ही लिहावे, आणि त्यात ‘अमुक कुलातील, जाती अनिश्चित’ असे म्हणायला अजिबात संकोच करू नये.

उत्तर : वाळूरेघ

पहिल्या प्रकाराबद्दल थोडेसे. पुढे शरीराच्या कित्येक पट लांब एकच काटा आणि मागे दोन लांब काटे, हे वर्णन वाचताच मला वाटते की तुम्ही चुकीच्या कपाटात शोधत आहात. हा खऱ्या खेकड्याचा झोइया नसावा. पोर्सेलेन खेकड्यांच्या, म्हणजे पोर्सेलॅनिडी कुलाच्या, झोइयाची ही ठळक खूण आहे. हे प्राणी दिसायला खेकड्यांसारखे असले तरी त्यांचे जवळचे नाते शंखात राहणाऱ्या संन्यासी खेकड्यांशी आहे, त्यामुळे खेकड्यांच्या डिंभांच्या वर्णनांत ते तुम्हाला भेटणारच नाहीत. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उलटला की चपटे, मोठ्या नांग्यांचे आणि धरायला गेल्यास नांगी सोडून पळणारे जे छोटे प्राणी दिसतात, ते हेच.

खात्री करायची तर शेपटीचा शेवटचा खंड, टेल्सन, पाहा. खऱ्या खेकड्याच्या झोइयाचा टेल्सन सहसा दुभंगलेल्या काट्यासारखा असतो आणि पाठकवचावर बहुधा वर उभा एक पृष्ठीय काटाही असतो. पोर्सेलेन खेकड्याचा टेल्सन रुंद, पंख्यासारखा असून त्याच्या कडेला पिसांसारखे दृढरोम असतात आणि पाठीवरचा उभा काटा नसतो. या कुलात झोइयाच्या अवस्था सहसा दोनच असतात, त्यामुळे पूर्ण मालिका वाढवणे तुलनेने सोपे आहे. अंडी घेतलेली मादी दगडाखाली शोधा, ओळख पटवून घ्या, तिची पिल्ले प्रयोगशाळेत अंड्यांतून बाहेर पडू द्या आणि ती तुमच्या ११ नमुन्यांशी ताडून पाहा. माता हाती असली की नावाचा प्रश्नच उरत नाही. हेच काम चिंबोरीवर करायचे झाले, तर झोइयाच्या पाच अवस्था आणि त्यानंतर मेगॅलोपा सांभाळावा लागतो. त्या मानाने तुमचे नशीब चांगले आहे.

उत्तर : जुने भिंग

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा दुसऱ्या प्रकारात आहे आणि त्यावर अजून कोणी बोललेले नाही. छायाचित्र पाहिल्याशिवाय निश्चित सांगणे मला योग्य वाटत नाही. तरीही कप्प्याकप्प्यांची ढाल, निमुळते धड, टोकदार शेपटी आणि कात टाकल्यावर लांबट झालेला प्राणी, हे सारे एकत्र वाचून माझ्या मनात एकच शक्यता येते. ती म्हणजे वाय-डिंभ, आणि वाय-डिंभांच्या बाबतीत मात्र नामकोश यांनी सांगितलेला संकेत मुद्दाम बाजूला ठेवला जातो.

हे डिंभ प्रथम १८८० च्या दशकात जर्मन प्लवकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांच्या नजरेत आले. ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ करणारे हेच हेन्सेन. त्यांच्याच नेतृत्वाखाली १८८९ मध्ये ‘नात्सिओनाल’ या जहाजावरून प्लवक मोहीम निघाली. त्या मोहिमेचे नमुने तपासताना हान्स याकोब हान्सेन या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये अशा अनेक नॉप्लियसांचे वर्णन केले आणि ते कोणाचे हे ठरवता न आल्यामुळे त्यांना नुसते ‘वाय’ हे अक्षर दिले. तेव्हापासून आजपर्यंत, सव्वाशे वर्षांनंतरही, वाय-डिंभाचा प्रौढ प्राणी कोणाला दिसलेला नाही. असे डिंभ ध्रुवीय, समशीतोष्ण आणि उष्ण अशा सर्व समुद्रांतून मिळतात. जपानमधील ओकिनावाच्या सेसोको बेटाजवळील एकाच ठिकाणी संशोधकांनी ४० हून अधिक जातींचे वाय-डिंभ ओळखले. एवढी विविधता असलेला गट प्रौढपणी नेमका कुठे राहतो, हे कोणी सांगू शकत नाही.

अशा वेळी नाव द्यायचे नाही असे ठरवले, तर या जातींविषयी बोलण्याची भाषाच उरत नाही. जपानच्या तानाबे उपसागरातील वाय-डिंभांचा बारकाईने अभ्यास करणारे तात्सुनोरी इतो यांनी हे ओळखले आणि १९८५ मध्ये केवळ डिंभांवर आधारून हान्सेनोकॅरिस ही प्रजाती स्थापन केली. हान्सेन यांच्या स्मरणार्थ हे नाव. त्याच वर्षी मार्क ग्रायगर यांनी या संपूर्ण गटाला फॅसेटोटेक्टा हे नाव दिले, ज्याचा अर्थ पैलूंची ढाल असलेले असा होतो. तुम्ही ज्यांना फरशीचे तुकडे म्हणालात तेच हे पैलू. त्यानंतर वर्णिलेल्या साऱ्या जाती याच मार्गाने आल्या. जिथे प्रौढाला आधीच नाव मिळालेले असण्याची भीती जवळपास नाही आणि डिंभ हाच एकमेव पुरावा आहे, तिथे डिंभाला नाव देणे हे मला घाईचे नव्हे तर जबाबदारीचे काम वाटते.

प्रौढाचा माग काढण्याचा एक अतिशय सुंदर प्रयत्न २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लेनर, ह्योग, ग्रायगर आणि फुजिता यांनी वाय-सायप्रिड, म्हणजे नॉप्लियसनंतरची अवस्था, कवचधारींना कात टाकायला लावणाऱ्या २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन या संप्रेरकाच्या द्रावणात ठेवले. सायप्रिडच्या कवचातून गोगलगायीसारखा मऊ, खंड नसलेला, उपांगे नसलेला एक जीव वळवळत बाहेर पडला. त्याला त्यांनी यप्सिगॉन म्हटले. खेकड्यांच्या शरीरात मुळांसारखा पसरणाऱ्या सॅक्युलिना या परजीवी बार्नॅकलच्याही (बार्नॅकल म्हणजे एरवी खडकांना चिकटून राहणारे कवचधारी) जीवनचक्रात अशीच एक कृमीसारखी अवस्था असते. त्यावरून वाय-डिंभांचे प्रौढ हे दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात राहणारे, कवचधारी म्हणून ओळखूच न येणारे परजीवी असावेत, असे अनुमान निघते. सॅक्युलिनाचा प्रौढ तरी कुठे कवचधारीसारखा दिसतो? खेकड्याच्या पोटाखालची ती नुसती एक पिशवी. ती बार्नॅकलच्या नात्यातली आहे हे १८३६ मध्ये तिच्या नॉप्लियसवरून ओळखले गेले, आणि ओळखणारे होते वर ज्यांचा उल्लेख आला तेच थॉम्पसन. म्हणजे प्रौढाने लपवलेले नाते डिंभाने उघड केले, हे या क्षेत्रात पूर्वी घडलेले आहे.

आता तुमचे सहा नमुने. प्रथम ते खरोखर वाय-डिंभ आहेत का, ते तपासा. साध्या बार्नॅकलच्या नॉप्लियसला ढालीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर शिंगे असतात. वाय-नॉप्लियसला ती नसतात. वल्हीपाद प्राण्यांच्या (कोपेपॉडांच्या) नॉप्लियसला अशी कप्प्यांची ढाल नसते. त्यानंतर कात टाकून तयार झालेल्या प्राण्याकडे पाहा. बार्नॅकलच्या सायप्रिडचे कवच शिंपल्यासारखे सारे शरीर झाकते, तर वाय-सायप्रिडचे कवच उपड्या होडीसारखे असून धडाचा मागचा भाग त्याच्या बाहेर राहतो.

ही खात्री पटली, तर कृपा करून वाटीतली ती कात जपून ठेवा. ढालीवरच्या कप्प्यांची मांडणी हे नॉप्लियसच्या वर्णनातील मुख्य लक्षण आहे, आणि जिवंत प्राण्यात आतल्या पिवळट बलकामुळे झाकोळून जाणाऱ्या रेषा रिकाम्या कातीवर अधिक स्पष्ट दिसतात. शिवाय त्या कातीतून निघालेला सायप्रिड तुमच्याकडे आहे. एकाच प्राण्याच्या दोन अवस्थांचा पुरावा एकत्र मिळणे ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण पूर्वीच्या काही जाती केवळ नॉप्लियसवरून आणि काही केवळ सायप्रिडवरून वर्णिल्या गेल्या, आणि त्यांची परस्परांशी सांगड घालणे फार कठीण होऊन बसले. ज्या नॉप्लियसांच्या पोटात पुरेसा बलक असतो ते काही न खाता वाढतात. म्हणून त्यांना एकेकटे, स्वच्छ पाण्याच्या छोट्या वाटीत ठेवून काही दिवसांत सायप्रिड मिळवता येतो. तुम्ही नकळत नेमकी हीच पद्धत वापरली आहे.

प्रश्न पुढे : मिऱ्याकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. पहिल्या प्रकाराचा टेल्सन आजच पाहिला. तो रुंद आणि पंख्यासारखाच आहे, आणि पाठीवर उभा काटा नाही. येत्या अमावास्येच्या ओहोटीला दगडांखाली अंडीधारी मादी शोधायला जाणार आहे.

दुसऱ्या प्रकाराला पुढच्या कोपऱ्यांवर शिंगे नाहीत, आणि वाटीतल्या लांबट प्राण्याचे धड कवचाच्या मागे बाहेर आलेले दिसते. दोन शंका आहेत. फॉर्मॅलिनमधले चार नमुने डीएनएसाठी वापरता येतील का? आणि होलोटाइप (नव्या जातीचे नाव ज्याच्याशी कायमचे जोडले जाते तो नमुना) म्हणून काय ठेवायचे, कारण डीएनए काढला तर एवढासा प्राणी संपूनच जाईल?

उत्तर : नामकोश

फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे होतात आणि ते प्रथिनांशी जखडले जातात. अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्यात मुळात डीएनए इतका थोडा असतो की त्या चार नमुन्यांकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. ते रचनेच्या अभ्यासासाठी वापरा. यापुढे प्रत्येक ओढीचा नमुना दोन भागांत वाटा आणि एक भाग लगेच ९५ टक्के इथेनॉलमध्ये, थंड जागी ठेवा. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत भारताच्या आसपासच्या समुद्रातून प्रचंड प्लवक गोळा झाले आणि कोचीनच्या केंद्रात त्याचे कसोशीने वर्गीकरण झाले, पण ते त्या काळच्या पद्धतीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्येच जतन झाले. शिवाय त्या मोहिमेच्या प्रमाणित जाळ्याची जाळी ०.३३ मिलिमीटरची होती. तुमच्या दुसऱ्या प्रकारासारखे अनेक डिंभ तिच्यातून सहज निसटले असणार. म्हणून आपल्या पाण्यातून यांची नोंद विरळ असल्यास त्याचे आश्चर्य वाटू नये, आणि तेवढ्यावरून ते दुर्मीळ आहेत असा निष्कर्षही काढू नये. तुम्ही १०० मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक जाळी वापरत राहा.

होलोटाइपच्या बाबतीत संहिता काटेकोर आहे. १९९९ नंतर दिलेल्या जातीच्या नावासाठी होलोटाइप किंवा सहप्रकार नमुने स्पष्टपणे नेमावेच लागतात, आणि ते कोणत्या संग्रहात ठेवले आहेत किंवा ठेवले जाणार आहेत आणि तो संग्रह कुठे आहे हे लेखात लिहावे लागते. नियतकालिक केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघत असेल, तर त्या लेखाची प्रसिद्धीपूर्वी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदही हवी. वर्णनाच्या सुरुवातीला ही नवी जाती आहे असे उघड म्हटलेले असावे आणि ती इतर जातींहून कशी वेगळी आहे ते शब्दांत सांगितलेले असावे. नुसती छायाचित्रे पुरत नाहीत.

भारतात याला एक कायदेशीर बाजूही आहे, आणि विद्यार्थ्यांना ती अनेकदा फार उशिरा कळते. जैवविविधता अधिनियम २००२ च्या ३९व्या कलमानुसार नवी जाती शोधणाऱ्याने ती अधिकृत भांडारांना कळवून तिचा नमुना तिथे जमा करायचा असतो. सागरी जीवांसाठी आपल्याला सर्वांत जवळचे असे भांडार गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आहे. ही संस्था १९६६ पासून काम करते. रत्नागिरीहून ती एका दिवसाच्या अंतरावर आहे, तेव्हा नमुने कुरिअरने न पाठवता स्वतः घेऊन जा.

डीएनएबद्दल एक खबरदारी. तुमचा अनुक्रम डीएनए अनुक्रमांच्या सार्वजनिक पेढीतील (खुल्या संग्रहातील) कशाशीही जुळला नाही, म्हणजे जाती नवी आहे असे होत नाही. ज्या जातींचे अनुक्रम अद्याप कोणी भरलेलेच नाहीत त्यांच्याशी तो जुळणार कसा? आणि जुळला तरी पेढीत त्या अनुक्रमाला दिलेले नाव ज्याने नमुना ओळखला त्याच्या ओळखीइतकेच विश्वासार्ह असते. रचना आणि अनुक्रम या दोन्ही साक्षी एकाच दिशेने जात असतील तेव्हाच नाव द्यावे.

उत्तर : जुने भिंग

होलोटाइपबद्दल माझे मत सांगतो. तुमच्याकडे एकाच प्राण्याची कात आणि सायप्रिड असे दोन्ही आहे, म्हणून डीएनएसाठी नमुना वापरला तरी तो प्राणी पूर्ण नाहीसा होत नाही. त्याच्या शेवटच्या नॉप्लियस अवस्थेची कात ढालीच्या सर्व रेषांसह शिल्लक राहते. तरीही तुमच्या पहिल्या आणि एकुलत्या जोडीवर हा प्रयोग करू नका. आणखी पाच-सहा डिंभ मिळवून वाढवा. त्यांतले एक-दोन सायप्रिड डीएनएसाठी, एक-दोन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसाठी वापरा, आणि जिचे कात व सायप्रिड हे दोन्ही घटक अखंड आहेत अशी एक जोडी होलोटाइप म्हणून बाजूला ठेवा. दोन्ही घटकांना एकच क्रमांक द्या. सायप्रिडला मारण्यापूर्वी त्याची जिवंतपणी, वरून, खालून आणि बाजूने, शक्य तितक्या मोठ्या आवर्धनाची छायाचित्रे घ्या, कारण रंग, डोळे आणि आतल्या तेलाच्या थेंबांची मांडणी जतन केल्यावर टिकत नाही. कोणत्या रात्री, भरतीच्या कोणत्या टप्प्यावर, किती तापमानाच्या आणि किती क्षारतेच्या पाण्यातून तो आला, हेही त्याच क्रमांकाखाली वहीत लिहा.

आणि आज रात्रीचे काम. ती कात वाटीतल्या पाण्यात फार दिवस ठेवू नका. जिवाणू तिला खाऊन टाकतात आणि ती गोळा होऊन चिकटते. बारीक काचेच्या नळीने ती अलगद उचलून काचपट्टीवर घ्या, पाठ वर ठेवा, पाण्याच्या जागी हळूहळू ग्लिसरीन येऊ द्या आणि मगच ग्लिसरीन जेलीत बसवा. एकदम घट्ट ग्लिसरीनमध्ये टाकली तर ती आकसते आणि ढालीच्या कडा दुमडतात. वरची झाकणकाच थेट कातीवर टेकू देऊ नका. खाली चारी कोपऱ्यांत मेणाचे छोटे थेंब ठेवा. पट्टीवर पेन्सिलीने तारीख आणि क्रमांक लिहायला विसरू नका. छायाचित्रे तयार झाली की इथेच टाका. ढालीवरचे कप्पे आपण एकत्र बसून मोजू.